थेम्स चित्रमालिका

फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यावरील क्षणिक प्रकाशाचा ठसा रंगविणारा) चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याने लंडनमधील थेम्स नदीवर रंगविलेली सुमारे शंभर तैलचित्रे. विषय तीनच : चेअरिंग क्रॉसचा लोखंडी रेल्वेपूल, वॉटर्लूचा दगडी कमानींचा पूल आणि पार्लमेंटची इमारत. सॅव्हॉय हॉटेलच्या सज्जातून उजवीकडे पहिला पूल दिसे, डावीकडे दुसरा. पार्लमेंटची चित्रे त्याने नदीपलीकडच्या सेंट टॉमस रुग्णालयातून काढली.

या मालिकेची कालनिश्चिती अवघड आहे. मोने १८९९ च्या शरद ऋतूत आणि पुढे १९०० व १९०१ च्या सुरुवातीला लंडनला राहिला. अनेक कॅन्व्हास एकाच वेळी हाताशी ठेवायचे आणि प्रकाश पालटला की दुसरा उचलायचा, अशी त्याची रीत होती. अपुरे कॅन्व्हास तो फ्रान्समधील जिव्हर्नी या आपल्या राहत्या गावी घेऊन गेला आणि पुढे काही वर्षे त्यांवर काम करीत राहिला. त्यामुळे चित्रावरचे १९०३ वा १९०४ हे साल ते हातावेगळे झाल्याचे समजावे, प्रारंभाचे नव्हे.

यातूनच ही चित्रे निसर्गासमोरची की चित्रशाळेतली, असा वाद उभा राहिला. आपली चित्रे कशी झाली याच्याशी कोणाला कर्तव्य नाही, असे मोनेने द्युराँ-र्‍यूएल या चित्रविक्रेत्याला कळविले होते. पार्लमेंटच्या ज्या चित्रांत सूर्य दिसतो, त्यांतील सूर्याचे स्थान गणिताने ताडून पाहणारा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे निष्कर्ष मोनेच्या पत्रांतील तारखांशी बऱ्याच अंशी जुळतात. सूर्याची जागा प्रत्यक्ष पाहून टिपलेली आणि रंगांचा अखेरचा मेळ मात्र जिव्हर्नीत घातलेला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

धुक्याबद्दलही मतभेद आहेत. काही जण चित्रांतील धूसरपणाचे कारण मोनेच्या दृष्टिदोषात शोधतात, पण त्याच्या मोतीबिंदूचे निदान १९१२ मधले आहे. लंडनचे धुके बरेचसे कोळशाच्या धुराचे होते. मार्च १९०० मधील एका पत्रात तो लिहितो, की सकाळी उठून पाहतो तो धुक्याचा मागमूस नाही, त्यामुळे तो घाबराच झाला. मग हळूहळू चुली-शेगड्या पेटल्या आणि धूर-धुके परतले. ज्या काजळीला लंडनकर कंटाळले होते, तिचीच तो वाट पाहत होता. हवेतील प्रदूषणाशी चित्रांतील धूसरपणाचा संबंध जोडणारे संशोधन २०२३ मध्ये पुढे आले.

आस्वादाच्या दृष्टीने पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील ‘पार्लमेंट : धुक्यातून फुटलेले ऊन’ (१९०४) हे चित्र पुढे घ्यावे. सुमारे ८१ × ९२ सेंमी. चा कॅन्व्हास. जवळ जाऊन पाहिले तर इमारत हरवते. उरतात ते निळ्या-जांभळ्या रंगाचे आखूड, एकमेकांवर चढलेले फटकारे. चार पावले मागे सरकावे, म्हणजे मनोऱ्यांची आकृती धुक्यातून वर येते. तिला खिडक्या नाहीत, कोरीव काम नाही. दगडाची एवढी अवजड वास्तू पाण्याइतकीच हलकी झालेली दिसते. नारिंगी ऊन निळ्याशेजारी आल्याने पेटते आणि नदीवर उतरताना त्याचे तुकडे होतात. या तुकड्यांवर नजर पुरेशी रेंगाळू द्यावी. चित्र तिथे खऱ्या अर्थाने उलगडते. चित्रातील पाणी हे आकाशाचे नुसते प्रतिबिंब नाही, चित्राचा निम्मा प्रकाश त्यातूनच येतो.

टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकाराच्या प्रभावाचा उल्लेख नेहमी होतो. १८७०–७१ च्या लंडनमधील मुक्कामात मोनेने त्याची चित्रे पाहिली होती, पण पुढे त्याने हे ऋण फारसे मान्य केले नाही.

मालिकेतील ३७ चित्रे १९०४ मध्ये द्युराँ-र्‍यूएलच्या पॅरिसमधील दालनात मांडली गेली. ती लंडनलाही दाखवावीत, अशी मोनेची इच्छा होती; ती त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टोल्ड कलादालनाने त्यांपैकी बरीच चित्रे एकत्र आणली. तेथून सॅव्हॉय हॉटेल अगदी जवळ आहे.