अंगणात वारा नाही, तरी पवनचक्की का घुमते?

पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: ‘रात्री झाडाचे पान हलत नाही, पण वर चक्की घुमत असते.’ आवाजाच्या मोजणीला माणसे येतात ती दिवसा. आवाज मर्यादेत भरतो आणि तक्रार करणारे विकासविरोधी ठरतात. मोजणी खोटी नसते, पण तक्रारही खोटी नसते.

दिवसा उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते, वरची खाली उतरते. या घुसळणीत खालचा आणि वरचा वारा मिसळतो, वेगात फार तफावत उरत नाही. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते. तिला टेकलेली हवा गार, जड होऊन तळाशी बसते. शाळेच्या भूगोलातली तापमानाची विपरीतता ती हीच. घुसळण थांबली की तळाची हवा झाडाझुडपांना घासून मंदावते. वरच्या वाऱ्याला मात्र आता खालून लगाम नसतो.

हिशेब करून पाहा. उंची जितक्या पट, तिचा विशिष्ट घात केला की वारा किती पट ते कळते. हा घातांक दिवसा ०.१४च्या आसपास, तर शांत रात्री ०.५ पर्यंत जातो. १० मीटरवर वारा सेकंदाला ३ मीटर धरला, तर १०० मीटरवर दिवसा साधारण ४ आणि रात्री साडेनऊ मीटर! म्हणजे दिवसा चक्की जेमतेम फिरते, तर रात्री तीच जवळजवळ पूर्ण वेगात असते. डच सीमेलगतच्या जर्मनीतील ऱ्हेडे पवनचक्की प्रकल्पाजवळ डच संशोधक फ्रिट्स व्हॅन डेन बर्ग यांनी हेच मोजले. २००४ साली त्यांनी मांडले की जमिनीलगतचा वारा तेवढाच असताना रात्रीचा आवाज दिवसापेक्षा १५ डेसिबलपर्यंत जास्त होता.

आवाज मुख्यतः यंत्राचा नसतो, पात्याच्या टोकाकडचा असतो. पात्यांचे १२० मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १२ फेरे घेते तेव्हा टोक ताशी सुमारे २७० किलोमीटरने धावते. पात्याला चिकटून वाहणाऱ्या हवेतले भोवरे मागच्या पातळ कडेवरून निसटताना ‘सूंऽ’ असा आवाज होतो. तो पाते ज्या दिशेने जाते तिकडे अधिक फेकला जातो, म्हणून पाते खाली येताना जमिनीवर तो मोठा ऐकू येतो. तीन पाती, १२ फेरे: मिनिटाला ३६ ठोके. शिवाय रात्री पात्याला वर जोराचा आणि खाली मंद वारा लागतो, वाऱ्याशी त्याचा कोन प्रत्येक फेऱ्यात बदलतो आणि ठोका अधिक ठसठशीत होतो. दिवसा पानांची सळसळ तो झाकते, रात्री झाकायला काहीच नसते. सरासरी डेसिबलमध्ये हा चढउतार दिसतच नाही.

विरोध करताना पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस अडवतात, असेही सांगितले जाते. त्याला काडीचा आधार नाही. पात्यांचे टोक दीडशे-दोनशे मीटरवर, आणि पावसाच्या ढगाचा पसारा काही किलोमीटर उंचीपर्यंत. अशा अफवेने नुकसान होते ते खऱ्या तक्रारीचे, कारण दोन्ही एकाच अर्जात लिहिल्या की अर्ज अख्खाच बाजूला पडतो.

म्हणून मोजणीच्या अटी परवानगीआधीच लिहून घ्याव्यात. मोजणी निदान दोन आठवडे, मध्यरात्रीनंतरची, घराच्या बाहेर. वाऱ्याचा वेग १० मीटरवरून अंदाजाने काढलेला नको, चक्राच्या मध्याच्या उंचीवर मोजलेला हवा. चक्की नसतानाची मूळची शांतताही रात्रीचीच नोंदवावी. आवाज जास्त निघाला तर पात्यांच्या मागच्या कडेला करवतीच्या दातांसारखी पट्टी बसवता येते, तिने दोन-तीन डेसिबल उतरतात. याहून जास्त उतरवायचे तर रात्री फेरे कमी करावे लागतात आणि पात्यांचा कोन बदलावा लागतो. त्यात वीज कमी मिळते. म्हणून ही अट करारात नसेल, तर नंतर ती कोणी आपणहून पाळत नाही.