कारणे दाखवा नोटीस आणि चार्जशीट: खोटा आरोप आला तर कुठे काय लिहायचं

साहेबांशी खटका उडतो आणि आठवडाभरात एचआरचा माणूस पाकीट आणून देतो. आत लेटरहेडवर एक पान, खाली सही-शिक्का. घरी फोन जातो, "मला चार्जशीट दिली." पुष्कळदा ती चार्जशीट नसतेच, कारणे दाखवा नोटीस असते. उलटंही होतं. खरोखरची चार्जशीट आलेली असते आणि माणूस 'आणखी एक मेमो' म्हणून ती ड्रॉवरमध्ये सरकवतो. आरोप खोटा असला तर हा गोंधळ जास्तच भोवतो, कारण या दोन कागदांना द्यायची उत्तरं वेगळी असतात.

नोटीस विचारते. अमुक घडल्याचं आमच्यापर्यंत आलंय, तुमचं म्हणणं काय? व्यवस्थापनाने तोवर काही ठरवलेलं नसावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ऑरिक्स फिशरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट सांगितलं: नोटिशीतच माणसाला दोषी धरून टाकलं, तर त्याचा खुलासा मागणं हा नुसता उपचार उरतो. म्हणून नोटिशीतली क्रियापदं नीट वाचा. 'केल्याचे दिसून येते' आणि 'आपण केले आहे' यांत मोठं अंतर आहे. दुसरं वाक्य असेल तर उत्तरात त्यावर बोट ठेवा.

चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, विचारून थांबत नाही. हा आरोप आम्ही तुमच्यावर ठेवतोय आणि तो चौकशीत सिद्ध करणार आहोत, असं ती म्हणते. राज्य सरकारी नोकरीत ती ओळखणं सोपं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ खाली मोठ्या शिक्षेची कारवाई असेल, तर ज्ञापनासोबत चार जोडपत्रं येतात: दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. खासगी कंपनीत स्थायी आदेशातलं (म्हणजे कंपनीच्या नोकरी-शिस्तीच्या नियमांतलं) कलम, गैरवर्तनाचा प्रकार, तारीख-वेळ-ठिकाण आणि चौकशी होणार असल्याचा उल्लेख शोधा. मथळ्यावर विसंबू नका. काही ठिकाणी 'आरोपपत्र तथा कारणे दाखवा नोटीस' असा एकच कागद देतात, तिथे मजकूरच खरं काय ते सांगतो.

एक उदाहरण घेऊ. कारखान्यातला एक स्टोअरकीपर. त्याला नोटीस येते: "दि. १२ जून रोजीच्या मोजणीत बेअरिंगचे ४० नग कमी आढळले. आपल्या निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाले आहे. ४८ तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल." प्रत्यक्षात रात्रपाळीत स्टोअरची दुसरी चावी प्रॉडक्शनच्या सुपरवायझरकडे असते आणि याने त्याबद्दल आधी दोनदा मेल केलेला आहे. पण साहेबांना माणूस हवाय.

इथे ओळखीचा एखादा सीनियर सांगतो, "चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून दे, मिटवून टाकू." हा सल्ला भल्यासाठीच दिलेला असतो, तरी तो ऐकू नका. ती ओळ फाइलला लागते आणि चौकशीत तुमची कबुली म्हणून समोर येते. तुम्ही ती साहेबांचा मान राखायला लिहिली होती, हे तिथे कुणाला पटवून देणार? दुसरं टोकही तितकंच वाईट. माणूस चार पानं भरून साहेबांनी तीन वर्षांत केलेले सगळे अपमान लिहितो आणि चावीचा मुद्दा तिसऱ्या पानावर बुडून जातो. छळ खरा असेल, पण त्याची तक्रार वेगळ्या कागदावर, तारीखवार करा.

खुलासा अर्ध्या पानाचा पुरतो. आरोप मान्य नाही. दुसरी चावी कोणाकडे असते. अमुक तारखांना मेल केले होते, प्रती सोबत आहेत. मोजणीचा तक्ता, स्टॉक रजिस्टर आणि त्या आठवड्याचे गेटपास पाहायला मिळावेत, ते मिळाल्यावर सविस्तर उत्तर देईन. मुदत अपुरी असेल तर ती वाढवून मागा, पण मुदत उलटायच्या आत. नोटीस घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. ती पोस्टाने येते, घराच्या दारावर चिकटवतात, आणि तुम्ही उत्तर टाळलंत अशी नोंद होते. सही करताना वर लिहा: 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही', तारीख, वेळ. खुलासा दिल्यावर त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

आता त्याच माणसाला महिन्याभराने चार्जशीट येते आणि निष्काळजीपणाचा आरोप एकदम चोरीचा होतो. पायाखालची जमीन सरकते, हे स्वाभाविक आहे. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने बदललेली असते. नोटिशीच्या वेळी त्याला स्वतःची बाजू मांडायची होती, आता सिद्ध करण्याचं ओझं व्यवस्थापनावर आहे. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहतात. तरी नुसते कागद पुढे करून भागत नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच म्हटलं: कागद सादर झाला म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध झाला असं नाही, त्याबद्दल बोलायला साक्षीदार लागतो.

आणि साक्षीदार आला की त्याची उलटतपासणी घेता येते. रात्रपाळीत दुसरी चावी कोणाकडे होती? ती दिल्याची नोंद कुठल्या रजिस्टरला आहे? १२ जूनच्या आधीची मोजणी कधी झाली, त्यावर कोणाची सही आहे? केबिनमध्ये दार लावून जो माणूस वाटेल ते बोलत होता, त्याला हे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण उत्तरं कार्यवाहीत लिहिली जातात आणि खाली त्याची सही होते. म्हणून चार्जशीटचं उत्तर खुलाशासारखं लिहू नका. प्रत्येक आरोप क्रमांकवार नाकारा, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी मागा, बचाव प्रतिनिधी म्हणून सहकारी किंवा युनियनचा माणूस द्यावा असं लिहा. वकील बहुधा देत नाहीत. मात्र व्यवस्थापनाने स्वतःच्या बाजूने कायद्यातला माणूस बसवला, तर तुम्हालाही वकील मागता येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या १९८२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला आहे. रागाने चौकशीला जायचंच नाही, असं मात्र करू नका. मग चौकशी एकतर्फी होते आणि ती उलटतपासणी कायमची हातची जाते.

यातूनच छळणाऱ्या साहेबाची एक रीत समजते. त्याला मेमो फार प्रिय असतात, चार्जशीट नको असते. मेमोवर त्याची सही पुरते. चार्जशीट काढली तर साक्षीला बसावं लागतं. मग उशिरा आलात, मेलला उत्तर दिलं नाहीत, मीटिंगमध्ये आवाज चढवलात, असे कागद येत राहतात आणि पुढे एकही चौकशी होत नाही. तुमच्या मनावर ओझं ठेवायचं आणि फाइल जाड करायची, एवढंच त्यामागे असतं. अशा प्रत्येक मेमोला दोन ओळींचं का होईना, उत्तर द्या. अनुत्तरित मेमो पुढे 'मागील वर्तणूक' म्हणून शिक्षेच्या वेळी बाहेर येतात. "राजीनामा दे, नाहीतर चार्जशीट काढतो" ही धमकीही इथलीच. पुरावा हाताशी असलेल्याला एवढी घासाघीस करायची गरज सहसा पडत नाही. 'वैयक्तिक कारणास्तव' असा राजीनामा एकदा लिहिला की तो दबावाखाली दिला, हे दाखवणं फार अवघड होतं. घरी जा, एक रात्र जाऊ द्या, कामगार वकिलाशी किंवा युनियनशी बोला.

ऑफिसातल्या दमदाटीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा आहे, तो वेगळा. पण कामगारांच्या बाबतीत खोट्या आरोपावर काढणं याला नाव आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत बडतर्फीचे काही प्रकार अनुचित प्रथा म्हणून नोंदले आहेत: सूड म्हणून काढणं, खोट्या किंवा रचलेल्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून काढणं, उघडउघड खोट्या कारणाने काढणं, नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू मांडायची रास्त संधी, धाब्यावर बसवून घाईने चौकशी उरकणं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशीच यादी आहे. मॅनेजर पदावर असाल तर हे कायदे बहुधा लागू होत नाहीत, तेव्हा नेमणूक पत्र काढून वाचा.

चौकशीपोटी निलंबन झालं तर त्या संहितेप्रमाणे पहिल्या ९० दिवसांसाठी निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं, आणि विलंब तुमच्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. निलंबन ही शिक्षा नव्हे. भत्ता थकला तर लगेच लेखी मागा.

चौकशी संपल्यावर आणखी एक कागद येतो, आणि तोही बऱ्याचदा कारणे दाखवा नोटीस याच नावाने. ही दुसरी नोटीस. चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा अधिकारी वेगळे असतील, तर शिक्षा ठरण्याआधी अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये करुणाकर खटल्यात तो मान्य केला, सरकारी आणि खासगी दोन्ही नोकऱ्यांसाठी. थकलेला माणूस 'सगळं सांगून झालंय' म्हणून इथे गप्प बसतो. पण या उत्तरात अहवाल कुठे पुराव्याला सोडून गेला, ते पान क्रमांकासकट दाखवता येतं: सुपरवायझरने उलटतपासणीत चावी आपल्याकडे असल्याचं कबूल केलं, अहवालात त्याचा उल्लेखच नाही. सेवेची वर्षं, आजवरचं निष्कलंक रेकॉर्ड, आरोपाच्या मानाने शिक्षा जड असल्याचा मुद्दा, हेही इथेच लिहा, कारण पुढे कामगार न्यायालयात गेलात तर तुमचं हे उत्तर तिथल्या फाइलमध्ये असेल.