तोडत तोडत राखलेलं रान

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात बरी सेंट एडमंड्स नावाचं जुनं गाव आहे. तिथून आग्नेयेला दहा-बारा किलोमीटर गेलं की ब्रॅडफील्ड वुड्स हे रान लागतं. रस्त्यावरून पाहिलं तर ते डोळ्यांत भरतही नाही. दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवीगार शेतं, मध्येच मोहरीच्या कुळातल्या रेपचा पिवळाधमक पट्टा, गारगोट्यांनी बांधलेला एखाद्या चर्चचा मनोरा आणि त्यापलीकडे झाडांची काळसर रेघ. सगळं रान मिळून एक चौरस किलोमीटरही भरत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी तिथे गेले. आत शिरून पाच मिनिटं चालले असेन, तोच समोर उजाड तुकडा आला. गुडघ्याच्याही खाली छाटलेले खुंट, बाजूला रचलेले काठ्यांचे ढीग, फांद्यांचा पाला. आपल्याकडे असं दृश्य दिसलं की पोटात गोळा येतो, तसाच तो आला. मग नजर जमिनीवर गेली. खुंटांमधल्या मोकळ्या जागेत फिकट पिवळी, जांभळी, पांढरी फुलं इतकी दाटली होती की पाऊल कुठे टाकावं ते कळेना. शेजारच्या, बरीच वर्षं न तोडलेल्या भागात त्यांतली निम्मीही फुलं नव्हती.

या रानात १२५२ सालापासून अशी तोड चालू आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेने १२७५चा मानतात, म्हणजे त्याच्याही तेवीस वर्षं आधीपासून. तेव्हा हे रान बरीच्या मठाच्या मालकीचं होतं. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, मालक बदलत गेले, पण कोयता थांबला नाही. आणि मला सांगायचं आहे ते हेच, की हे रान तोडीला न जुमानता उरलेलं नाही, ते तोडीमुळे उरलं आहे.

सगळी गंमत खुंटात आहे. हेझल, अ‍ॅश, मेपल यांसारखी रुंद पानांची बहुतेक झाडं बुंध्याशी छाटली तरी मरत नाहीत. सालीखाली निजलेले डोळे जागे होतात. जमिनीखालचा मुळांचा पसारा शाबूत असतो, त्यात स्टार्चचा साठा भरलेला असतो, आणि एवढ्या मोठ्या मुळांना आता पोसायला वर काहीच नसतं. सगळा जोर नव्या धुमाऱ्यांत जातो. बी रुजून आलेलं रोप पहिल्या वर्षी वीतभर वाढलं तरी खूप, पण खुंटावरचा धुमारा त्याच उन्हाळ्यात माणसाच्या उंचीला लागतो. दहा-वीस-पंचवीस वर्षांनी, जशी गरज असेल तसं, ते सरळसोट सोट पुन्हा छाटायचे. पुन्हा फुटतातच. या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. कोकणात राबासाठी ऐनाच्या फांद्या वर्षानुवर्षं तोडतात आणि तरी ते ऐन बांधावर उभे असतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला यात चमत्कार वाटणार नाही. फक्त इथे घाव जमिनीलगत पडतो.

न तोडलेलं अ‍ॅशचं झाड साधारण दोनशे-अडीचशे वर्षांत म्हातारं होऊन कोसळतं. छाटलेल्या खुंटाला मात्र म्हातारपण जणू ठाऊकच नसतं, कारण दर छाटणीनंतर त्याचा वरचा भाग नव्याने तरुण होतो आणि खुंट बाहेरच्या बाजूने रुंदावत राहतो. ब्रॅडफील्डमध्ये अ‍ॅशचा एक खुंट साडेपाच मीटरहून अधिक रुंद आहे. त्याचं वय किमान हजार वर्षं असावं असा अंदाज आहे. मधला गाभा कधीच कुजून गेला. उरलं आहे ते कडं, जुन्या विहिरीच्या पडक्या काठासारखं, शेवाळाने मढलेलं, जागोजाग तुटलेलं, आणि प्रत्येक तुकड्यातून वर गेलेले राखाडी, गुळगुळीत सोट. वेगवेगळी झाडं म्हणून मोजायला जावं तर ती सगळी एकाच बीजाची. पोकळीत साठलेल्या कुजक्या पानांच्या खतावर एक शेवंती रंगाचा प्रिमरोझचा झुबका फुलला होता. मी त्या कड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले.

लोकांना या काठ्या हव्या होत्या कशाला? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लाकडाचे दोन ठळक वर्ग होते आणि आपल्यालाही ते परके नाहीत: इमारती लाकूड आणि सरपण-काठ्या. खुंटांच्या अधूनमधून ओकची झाडं सरळ वाढू देत. त्यांच्या तुळया आणि खांब होत. खुंटावरच्या काठ्यांतून कुंपणं, जळण, अवजारांचे दांडे निघत. घराच्या भिंतींसाठी हेझलच्या काठ्या विणून त्यावर माती लिंपत, आपल्या कारवीच्या कुडाच्या भिंतीसारखंच. सफोकच्या जुन्या घरांच्या गिलाव्याखाली असे कूड अजून सापडतात. अगदी विसाव्या शतकातही शेजारच्या लिटल वेलनेथम गावात लाकडी दाताळी बनवण्याचा कारखाना होता आणि त्याला अ‍ॅश जायचा तो या रानातून.

आता फुलांकडे. गच्च झाडीखाली उन्हाळ्यात जमिनीवर फार थोडा उजेड पोचतो. म्हणून इथल्या रानफुलांनी मार्च ते मे हा काळ साधला आहे, झाडांना पालवी फुटून छत मिटायच्या आत फुलून घ्यायचं. एखादा तुकडा छाटला की उजेड एकदम जमिनीवर उतरतो. अंधारात नुसती पानं धरून तग धरलेली झुडुपं पहिल्या वर्षी अन्न साठवतात आणि दुसऱ्या वसंतात बहर फुटतो. मी पाहिला तो असाच दुसऱ्या वर्षाचा तुकडा होता. वुड स्पर्जसारख्या काहींचं बी तर मागच्या तोडीपासून मातीत निजलेलं असतं आणि उजेड पडल्यावरच रुजतं. पाच-सहा वर्षांत धुमारे दाटतात, छत मिटतं, फुलं ओसरतात. तोवर पलीकडचा दुसरा तुकडा तोडलेला असतो. फुलं आणि फुलपाखरं अशी तुकड्या-तुकड्याने रानभर फिरत राहतात.

यातलं माझं सगळ्यात आवडतं फूल म्हणजे ऑक्सलिप. एका दांड्यावर एकाच बाजूला झुकलेली दहा-बारा फिकट पिवळी फुलं. गुडघ्यावर बसून वास घेतला तर जर्दाळूची हलकी आठवण येते. ब्रिटनमध्ये हे सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशर एकमेकांना भिडतात त्या छोट्या टापूतच उगवतं. तिथली माती सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात बर्फाच्या थरांनी आणून टाकलेली खडूमिश्रित चिकण माती आहे. पावसात ती बुटांना अशी धरते की शंभर पावलांत पाय मणाचे होतात. ऑक्सलिपला हीच ओल हवी असते.

आणि ऑक्सलिप हलत नाही. हर्ब पॅरिस, वुड अ‍ॅनिमोनी यांचीही तीच गत. वुड अ‍ॅनिमोनीचा ताटवा शंभर वर्षांत जेमतेम दोन मीटर सरकतो असं मानतात. म्हणूनच अशी फुलं एकत्र दिसली की वनस्पतिशास्त्रज्ञ ओळखतात, इथे रान फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून अखंड असलेल्या रानाला प्राचीन वन म्हणतात. हेच साल निवडायला कारण आहे. त्या सुमाराला विश्वासार्ह नकाशे मिळू लागतात, आणि त्याआधी मुद्दाम झाडं लावून रान करायची फारशी रीत नव्हती. ब्रिटनच्या एकूण भूमीपैकी सुमारे अडीच टक्केच भूमीवर आता अशी वनं आहेत.

रानाच्या कडेने चालत गेलं की हे जुनेपण मातीतही वाचता येतं. कड सरळ नाही, ती नागमोडी वळते. बाहेरच्या अंगाला चर आणि आतल्या अंगाला बांध, सातशे वर्षांत झिजून गोलसर झालेला. गुरं आत शिरून कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून तो घातला होता. केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) यांनी आयुष्यभर असे बांध, खुंट आणि मठांचे जुने दस्तऐवज एकत्र वाचले. झाडं तोडल्याने रानं नाहीशी झाली ही समजूत त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढली. तोडलेलं रान पुन्हा फुटतं. रान जातं ते त्याची शेती केल्यावर, मुळं उपटल्यावर.

ब्रॅडफील्डमध्ये नेमकं तेच घडलं. कोयत्याने सातशे वर्षांत जे झालं नाही ते १९६०च्या दशकात यंत्रांनी थोड्या वर्षांत केलं. मंक्स पार्क वुड या भागाचा मोठा हिस्सा मुळापासून उखडून शेतीखाली आणला. उरलेलं रान १९७०मध्ये एका निसर्गसंवर्धन संस्थेने विकत घेतलं म्हणून वाचलं. आज सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट ते सांभाळतो आणि दर हिवाळ्यात ठरलेले तुकडे तोडतो.

धोके आता वेगळे आहेत. हरणं वाढली आहेत. चीनहून आणलेलं भेकर, आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं चुलत भावंड, उद्यानांतून निसटून दक्षिण इंग्लंडभर पसरलं. ते ऑक्सलिपची फुलं खातं आणि कोवळे धुमारेही. म्हणून तोडलेल्या तुकड्यांभोवती हरणं आत येऊ नयेत असं कुंपण घालावं लागतं. खालची झाडी विरळ झाली की नाइटिंगेलचंही घर जातं. आफ्रिकेतून एप्रिलमध्ये येणारा हा पक्षी दाट, तरुण धुमाऱ्यांच्या जाळीत जमिनीलगत घरटं करतो आणि ब्रिटनमधली त्याची संख्या १९६०च्या दशकापासून सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली आहे.

त्याहून मला काळजी वाटते ती अ‍ॅशची. पूर्व आशियातून आलेली एक बुरशी २०१२मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम आढळली. ती पानांतून शिरते, फांद्यांत उतरते आणि पाणी वर चढू देत नाही. तिकडच्या अ‍ॅशच्या जातींना तिची सवय आहे, युरोपातल्या अ‍ॅशला नाही. कोवळे धुमारे तर तिला लवकर बळी पडतात, आणि खुंटाची सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. परतताना वाटेत एक खुंट पाहिला. सात धुमारे, त्यांतल्या पाचांची टोकं वाळून काळी पडलेली, सालीवर चौकटच्या एक्क्यासारखा तपकिरी डाग. उरलेल्या दोघांवर काळ्या मखमली कळ्या फुगल्या होत्या. काही झाडांत या बुरशीला थोडाफार विरोध उपजत असतो, म्हणून असे खुंट लगेच उपटून टाकत नाहीत; अजून काही वर्षं त्यांच्यावर नजर ठेवतात.