मोटार अपघात दाव्याचा वकील

मोटार अपघातातील जखमींच्या किंवा मृताच्या वारसांच्या वतीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज चालवणारा वकील. ही न्यायाधिकरणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये चालतात. महाराष्ट्रात ती बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतात आणि तिथे सगळे त्यांना ‘एमएसीटी’ म्हणतात. कागदोपत्री जाबदार (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) म्हणून गाडीमालकाचे नाव असले, तरी खरी लढत विमा कंपनीच्या वकिलाशी होते. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा. त्यात तो निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही.

वकील कुठला करावा, हा प्रश्न दावा कुठे दाखल करायचा यावर अवलंबून आहे. कलम १६६ नुसार अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आणि जाबदाराचे राहण्याचे ठिकाण यांतले कोणतेही निवडता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात झालेल्या सोलापूरच्या माणसाचा दावा सोलापुरात चालू शकतो, आणि बहुधा तेच सोयीचे. पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या नकला आणायला एकदा लांब जावे लागते. तारखा मात्र पुढे बराच काळ पडत राहतात.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे वकील ओळखीतून किंवा कोर्टात चौकशी करूनच मिळतो. रुग्णालयाच्या दारात गाठून वकीलपत्रावर सही मागणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहिलेले बरे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा भरपाईत वाटा घेणे याच नियमांनी निषिद्ध आहे; अमेरिकेत सर्रास चालणारी ही पद्धत भारतात वैध नाही. तरीही ‘टक्क्यांवर’ काम घेणारे भेटतात. फी आधीच लेखी ठरवून घ्यावी. महिला, बालके, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अपघातात नवरा गमावलेल्या बाईला हे सांगणारे फार थोडे असतात.

भरपाईचे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी बरेचसे ठरवून दिले आहे. समजा, स्वतःचा धंदा करणारा ३४ वर्षांचा माणूस गेला आणि मागे बायको, आई व दोन मुले आहेत. महिना १५,००० रुपये मिळकत सिद्ध झाली, तर वर्षाचे १,८०,००० होतात. त्यात भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा आणि वयाप्रमाणे १६ ने गुणायचे: ३०,२४,००० रुपये. कोर्टाने मिळकत १०,००० च धरली, तर हाच आकडा २०,१६,००० वर येतो. म्हणजे दहा लाखांचा फरक केवळ पुराव्याचा. पगारदाराच्या मिळकतीला पगारपत्रक पुरते. दूधवाला, गवंडी, भाजीविक्रेता यांच्या बाबतीत डेअरीची बिले, सातबारा, बँकेचे पासबुक, ठेकेदाराची साक्ष असे एकेक गोळा करून निशाणी पाडून (म्हणजे कोर्टात पुरावा म्हणून क्रमांक देऊन) घ्यावे लागते. वकिलाची पारख इथे होते. जखमीच्या दाव्यात तोच प्रश्न कायम अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा असतो. ते देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणता आले नाही, तर उलटतपासाअभावी कागदाचे वजन घटते.

मुदतीचा मुद्दा १ एप्रिल २०२२ पासून कडक झाला: अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्यावर विसंबून थांबण्यात अर्थ नाही.

पुष्कळ दावे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून देऊ केलेली रक्कम वरच्या हिशेबाशी ताडून मगच सही करावी. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अज्ञान (अल्पवयीन) वारसांच्या वाट्याची रक्कम सहसा ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवली जाते.