शोधप्रवाशांचे प्राथमिक अध्यापन

पंधराव्या ते अठराव्या शतकांत महासागर ओलांडून गेलेल्या युरोपीय दर्यावर्दींच्या सफरी प्राथमिक वर्गांतील मुलांना शिकविण्याची शालेय प्रथा. ही प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष रुजलेली असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कॅलिफोर्निया राज्यातील अभ्यासक्रमाचा विचार केला आहे. तेथील १९९८ च्या इतिहास-सामाजिक शास्त्र निकषांनुसार चौथीत काब्रियो, बेरिंग आणि कुक यांच्या उत्तर पॅसिफिकमधील सफरी येतात, तर पाचवीत अमेरिका खंडांचे आद्य शोधप्रवासी व त्यांचे मार्ग. त्या राज्यात वाढणारी मराठी मुलेही कोलंबसाविषयी याच वर्गांत शिकतात. इंग्लंडच्या २०१३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी कोलंबस आणि नील आर्मस्ट्राँग यांच्या जीवनांची तुलना उदाहरणादाखल सुचविली आहे.

‘आद्य’ कोणाला म्हणावे, हे पूर्वी वाटत असे तितके सरळ नाही. कॅनडातील न्यू फाउंडलंड बेटावरील लान्स ओ मेडोज येथे १९६० पासून इंगस्टा दांपत्याने केलेल्या शोधकार्यामुळे नॉर्स (स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी) लोकांची वस्ती उजेडात आली आणि तेथील लाकडांच्या वर्षवलयांवरून ती झाडे इ. स. १०२१ मध्ये तोडली गेल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. वस्ती किती काळ टिकली, यावर मात्र एकमत नाही.

या विषयातील सर्वांत चिवट चूक म्हणजे पृथ्वी सपाट असल्याची समजूत कोलंबसाने मोडून काढली, ही गोष्ट. ती लोकप्रिय होण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकी लेखक वॉशिंग्टन इरव्हिंग यांच्या १८२८ च्या कोलंबसचरित्राला दिले जाते. इतिहासकार जेफ्री बर्टन रसेल यांनी १९९१ मध्ये या समजुतीचा माग काढताना इरव्हिंग यांच्याबरोबरच फ्रेंच विद्वान लत्रोन आणि विज्ञान व धर्म यांच्या संघर्षावर लिहिणारे एकोणिसाव्या शतकातील उत्तरार्धातील लेखक यांनाही जबाबदार धरले आहे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण कोलंबसाच्या योजनेवर स्पेनमधील सालामांका येथे झालेल्या वादाच्या वर्णनात खुद्द इरव्हिंग यांनी काही विद्वानांना पृथ्वीचे गोलत्व मान्य असल्याचे लिहिले आहे, आणि शाळेत सांगितल्या जाणाऱ्या संक्षेपात नेमका हाच भाग गळून पडतो. साक्रोबोस्को याचा तेराव्या शतकातील गोलविषयक ग्रंथ युरोपातील विद्यापीठांत शिकविला जात असे, आणि दूरवरचा किनारा गलबताच्या तळावरून दिसत नाही पण डोलकाठीच्या टोकावरून दिसतो, हा दाखला त्यातही आहे.

खरा वाद अंतराचा होता. नवव्या शतकातील ज्योतिर्विद अल-फरघानी याने पृथ्वीच्या परिघाच्या एका अंशाची लांबी ५६ २/३ मैल दिली होती. तो अरबी मैल सुमारे दोन किलोमीटरचा. कोलंबसाने मात्र सुमारे दीड किलोमीटरचा इटालियन मैल धरला, त्यामुळे त्याच्या हिशेबात पृथ्वीचा परीघ जवळजवळ चतुर्थांशाने आखडला. आशियाचा पूर्वेकडील विस्तारही त्याने फुगवून मानला. परिणामी कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर त्याला सुमारे २,४०० सागरी मैल वाटले. प्रत्यक्षात ते १०,००० हून अधिक आहे. कोलंबसाच्या विरोधकांचा हिशेब बरोबर होता आणि वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला, ही हकीकत पाचवीतल्या मुलाला भागाकार येत असल्यास पूर्ण समजते. सपाट पृथ्वीची कथा सांगून तिची जागा अडविण्याचे कारण उरत नाही.

नौकानयनाच्या साधनांच्या बाबतीत अधिकृत निकषही सैल आहेत. पाचवीच्या निकषात होकायंत्र, ॲस्ट्रोलॅब व सेक्स्टंट (आकाशस्थ ज्योतींची उंची मोजणारी साधने) आणि क्रोनोमीटर (समुद्रावर अचूक वेळ दाखविणारे घड्याळ) यांचा उल्लेख एकाच ओळीत येतो. यांपैकी सेक्स्टंट अठराव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आले आणि जॉन हॅरिसन याचे समुद्रावर भरवशाचे ठरलेले घड्याळ १७५९ मध्ये पूर्ण झाले. कुकच्या सफरींना ती साधने लागू पडतात, कोलंबसाला नाहीत. कोलंबसाचे गलबत दिशा, अंदाजे वेग आणि गेलेला वेळ यांच्या हिशेबावर चालत असे, आणि वेळ मोजणारे अर्ध्या तासाचे वाळूचे घड्याळ उलटविण्याचे काम जहाजावरील पोरांकडे असे.

वर्गात अक्षांश मोजण्याचा प्रयोग कोनमापकावर करतात. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवून तिच्या मध्यबिंदूपासून दोऱ्याने वायसर लोंबता ठेवायचा आणि रात्री पालकांसह स्ट्रॉमधून ध्रुवतारा पाहायचा. दोरा ज्या अंशावर टेकेल तो अंश आणि ९० यांतील फरक म्हणजे त्या ठिकाणचे स्थूल अक्षांश. सॅन फ्रान्सिस्कोत उत्तर ३८ च्या आसपास येते, मुंबईत १९. या साधनातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू देऊ नये. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता, त्यामुळे खलाशांना दुरुस्ती करावी लागे, हे सांगितल्यास प्रयोगाला अर्थ येतो.

ज्यांच्या किनाऱ्यांवर हे प्रवासी उतरले त्यांची बाजू ऐतिहासिक साधनांअभावी बहुधा तोकडी राहते. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावरील ताइनो या मूळ रहिवाशांच्या १४९२ मधील संख्येचे अंदाज एक लाखापासून ऐंशी लाखांपर्यंत आहेत. त्यांतील एकच आकडा पाठ करून घेणे योग्य नव्हे. काब्रियो २८ सप्टेंबर १५४२ रोजी आजच्या सॅन दिएगो बंदरात शिरला. त्याच्या सफरीची मूळ रोजनिशी उपलब्ध नाही, संक्षेप तेवढा आहे. तेथील लोकांनी खुणांनी सांगितले की दाढीवाली, शस्त्रधारी माणसे आतल्या मुलखात फिरत असून स्थानिकांना मारत आहेत, अशी नोंद त्यात आहे. बातमी गलबतांच्या आधी पोहोचली होती, हे त्यावरून मुलांना स्वतः ताडता येते.

वास्को द गामाच्या धड्यात हीच उणीव वाटाड्याच्या रूपाने दिसते. पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून निघाल्यावर सुमारे २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला तो वाटाड्यामुळे. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता हे मत फ्रेंच अभ्यासक गाब्रिएल फेरां यांनी मांडले. त्याचा आधार नहरवाली याच्या सोळाव्या शतकातील उत्तरकालीन बखरीचा आहे. समकालीन सफरवृत्तात वाटाड्या ख्रिस्ती म्हटला आहे, तर बारूश हा पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो. अलीकडील अभ्यासक इब्न माजिदचे नाव बहुधा स्वीकारीत नाहीत आणि गुजराती खलाशाची शक्यता अधिक मानली जाते.

अमेरिकी शाळांत कोलंबसाला मिळालेले स्थान १८९२ च्या चतुःशताब्दी समारंभांनी पक्के झाले. शाळांतील राष्ट्रध्वज-प्रतिज्ञाही त्याच निमित्ताने लिहिली गेली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने कोलंबस दिनाच्या जागी मूलनिवासी दिन पाळण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून अध्यापनाचा सूरही बदलत आहे. महाराष्ट्रात चौथीचा इतिहास शिवकालाचा असून युरोपीयांच्या आगमनाचा सविस्तर भाग उच्च प्राथमिक इयत्तांत येतो.