सहयोगी कौटुंबिक वकिलीतील अपात्रतेचा नियम

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्याचा वाद सहयोगी पद्धतीने, म्हणजे लेखी करार करून दोन्ही पक्षकार आणि त्यांचे वकील यांनी कोर्टाबाहेर एकत्र बसून, सोडवताना बोलणी फिसकटली, तर दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्याच वादात कोर्टात उभे राहता येत नाही. पक्षकारांना नवे वकील करावे लागतात. हा अपात्रतेचा नियम. तो काढून टाकला तर उरते ती वकिलांच्या उपस्थितीतली नेहमीची तडजोड. अमेरिकेत तिला ‘सहकारी’ पद्धत असे वेगळे नावही आहे.

सहयोगी पद्धत १९९० मध्ये मिनेसोटातील वकील स्टुअर्ट वेब यांनी सुरू केली. तडजोड जमली नाही तर खटला आपल्याकडेच येणार, हे ठाऊक असलेला वकील वाटाघाटीतही पुढच्या लढाईची तयारी करत राहतो. ती वाटच बंद केली, की त्याच्यापुढे तोडगा काढणे एवढेच काम उरते. पक्षकारही मोकळेपणाने बोलू शकतो, कारण समोर बसलेला वकील उद्या त्याची उलटतपासणी घेणार नसतो.

टेक्ससने २००१ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतील राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि २०१० मध्ये त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार बंदी एका वकिलापुरती नसते; त्याच्या फर्ममधल्या सहकाऱ्यांनाही तो वाद किंवा त्याच्याशी संबंधित प्रकरण चालवता येत नाही. झालेल्या समझोत्यावर कोर्टाची मंजुरी घेण्याचे काम मात्र जुना वकील करू शकतो. पक्षकाराच्या किंवा घरातल्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर नवा वकील मिळेपर्यंत तातडीच्या आदेशासाठीही तो उभा राहू शकतो. अशिलाचे उत्पन्न मोफत कायदेशीर मदतीच्या निकषात बसत असेल, तर त्याच फर्ममधला दुसरा वकील फी न घेता खटला चालवू शकतो. पण ही मुभा मूळ करारात लिहिलेली हवी आणि आधीच्या वकिलाला प्रकरणापासून पूर्ण दूर ठेवायला हवे.

नियमाची किंमत शेवटी अशीलच मोजतो. सहयोगी प्रक्रियेतून कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे ज्याच्या खिशात पैसा आहे तो जोडीदार एका नोटिशीने दुसऱ्याचा वकील काढून घेऊ शकतो. नव्या वकिलाला सगळे प्रकरण पहिल्यापासून समजावायचे, पुन्हा फी भरायची, या धास्तीने दुबळी बाजू न पटणाऱ्या अटींवरही सही करते. माझ्या मते, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. म्हणूनच नमुना कायद्याने करारावर सही होण्यापूर्वीच वकिलावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत : अपात्रतेचे परिणाम अशिलाला समजावून सांगणे आणि नात्यात हिंसा किंवा दडपशाही आहे का, याची चौकशी करणे.

वकिली नीतीच्या दृष्टीनेही वाद झाला. कोलोरॅडोच्या वकील संघटनेने २००७ मध्ये असे मत दिले, की वकील स्वतःच करारात बांधला गेला तर अशिलाप्रती असलेल्या त्याच्या कर्तव्याला बाध येतो. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनच्या नीती समितीने उलट निष्कर्ष काढला : हे मर्यादित कामाचे वकीलपत्र आहे आणि अशिलाने सर्व समजून संमती दिली असेल, तर ते वैध आहे.