इम्प्लांटला एवढे महिने का लागतात, त्यामागचा इतिहास

इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा स्क्रू, त्यावर नंतर दात लावतात. पडलेल्या दाताच्या जागी असं काहीतरी पक्कं बसवायची माणसाची खटपट फार जुनी आहे. होंडुरासमध्ये 1931 साली माया काळातला, साधारण इ.स. 600 च्या आसपासचा एक खालचा जबडा सापडला, त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासलेले तुकडे होते, आणि 1970 च्या सुमारास एक्सरे काढला तर त्यांच्याभोवती हाड वाढलेलं दिसलं, म्हणजे माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते! कमालच आहे.

नंतर युरोप-अमेरिकेत सोनं वापरून झालं, 1913 मध्ये ग्रीनफिल्ड या अमेरिकन डॉक्टरने इरिडियम-प्लॅटिनमची जाळी बसवली, पुढे व्हिटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू आले. पण बऱ्याचदा धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ पेशींचा थर धरायचा, मग दात हलायला लागायचा, पू व्हायचा, शेवटी काढावाच लागायचा.

खरा बदल झाला तो स्वीडनमध्ये, आणि तो करणारा पेर-इंगवार ब्रोनेमार्क दातांचा डॉक्टर नव्हताच. 1952 च्या सुमारास लुंडला तो सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आत रक्त कसं वाहतं ते मायक्रोस्कोपखाली बघत होता, प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेला तर निघेचना, हाडाने ती धरून ठेवली होती. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि शरीर त्याला विरोध करत नाही.

मग हेच टायटॅनियम जबड्यात वापरलं, 1965 मध्ये स्वीडनमधल्याच गोथेनबर्गला यॉस्ता लार्सन हा पहिला पेशंट. जन्मापासून टाळू दुभंगलेला, खाणं-बोलणं दोन्ही अवघड. त्याच्या खालच्या जबड्यात बसवलेले इम्प्लांट 2006 साली तो वारला तेव्हाही जागेवर होते. तरी दातांच्या डॉक्टरांना पटायला वेळ लागला, 1982 च्या टोरांटो परिषदेत ब्रोनेमार्कने वर्षानुवर्षांचे रेकॉर्ड मांडले तेव्हा कुठे जगाने ऐकलं.

ब्रोनेमार्कची पद्धत म्हणजे ड्रिल हळू चालवायचं, वरून सलाइनचं पाणी सोडत राहायचं, कारण हाड तापलं की मरतं, मग स्क्रू हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात पाच-सहा महिने थांबायचं, वरचं हाड जास्त पोकळ असतं ना. आता काही केसेसमध्ये त्याच दिवशी तात्पुरता दात लावून देतात, पण त्याच्याखाली हाड धरायला लागणारा वेळ लागतोच, म्हणून डॉक्टरांनी थांबा म्हटलं तर कृपया घाई करू नका आणि त्या बाजूने कडक काही चावू नका.